सुगम संगीताचे शिल्पकार : सी. रामचंद्र

गोदावरीच्या काठी पुणतांबे नावाचे एक जुने गाव आहे. चांगदेवांच्या समाधीमुळे वारकरी मंडळींना ते परिचित आहे. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील या गावी १२ जानेवारी १९१८ रोजी रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म झाला. पुढे साऱ्या देशाने त्यांना सी. रामचंद्र या नावाने ओळखले. आडनावाचे आद्याक्षर आधी आणि नाव नंतर, या रचनेमुळे ते दक्षिणेकडील असावेत असा अनेकांचा समज होत असे. महाराष्ट्रात मात्र ते अखेरपर्यंत सर्वांचे अण्णाच राहिले.

त्यांचे संगीताचे शिक्षण दोन ठिकाणी झाले. नागपुरात ते शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. पुढे गायक म्हणून नावारूपाला आलेले वसंतराव देशपांडे हेही याच सप्रे गुरुजींचे शिष्य. नागपूर त्या काळी मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती आणि रायपूर, बिलासपूर, दुर्ग हे छत्तीसगडचे जिल्हे याच प्रांतात मोडत. त्यामुळे रायपूरच्या मराठी घरांना कचेरीच्या कामासाठी, शिक्षणासाठी आणि नाटक-गाण्यासाठीही नागपूरच जवळचे वाटे. रामचंद्रांच्या शिक्षणाचे दुसरे ठिकाण म्हणजे पुण्याचे गांधर्व महाविद्यालय. तेथे विनायकबुवा पटवर्धन यांच्या कडक शिस्तीत त्यांच्यावर रागदारीचे संस्कार झाले. हा पाया पक्का होता. पुढे त्यांनी सॅक्सोफोन आणि बोंगो वाजवून घेतले तेव्हा अनेकांना त्याचा विसर पडला. स्वतः रामचंद्रांना तो कधीच पडला नाही.

तरुणपणी त्यांची ओढ गायनापेक्षा अभिनयाकडे होती. बोलपटाचा तो आरंभीचा काळ होता. पार्श्वगायनाची पद्धत अजून रुळलेली नव्हती, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या नटालाच स्वतः गावे लागे. साहजिकच गाता येणाऱ्या तरुणाला नायकाचे काम मिळणे सोपे होते. वाय. व्ही. राव यांच्या 'नागानंद' या १९३५ च्या चित्रपटात रामचंद्र नायक झाले. चित्रपट साफ पडला. नायक म्हणून आलेले हे अपयश त्यांच्या आयुष्याला वळण देणारे ठरले. सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये त्यांना पुढे कामे मिळाली ती 'सैद-ए-हवस' आणि 'आत्मतरंग' या चित्रपटांतील किरकोळ भूमिकांची. काल नायक असलेल्या माणसाने आज गर्दीत उभे राहावे, ही अवस्था सोसणे सोपे नसते.

तथापि मिनर्व्हामध्ये त्यांना एक आधार सापडला आणि तो होता हार्मोनियमचा. बुंदू खाँ आणि हबीब खाँ हे त्या कंपनीचे संगीतकार होते. रामचंद्र त्यांना पेटीची साथ करू लागले. चित्रपटातील गाणे कसे घडते, प्रसंगाला धरून चाल कशी बांधायची, तीन-साडेतीन मिनिटांत गाणे कसे बसवायचे, हे सर्व त्यांनी तेथे पेटीवर बसल्या बसल्या शिकून घेतले. संगीतकार म्हणून पहिली संधी त्यांना मुंबईत मिळाली नाही. ती मिळाली तमिळ चित्रपटांत. 'जयक्कोडी' आणि १९४१ चा 'वनमोहिनी' हे ते चित्रपट होत. 'वनमोहिनी'चे दिग्दर्शक होते भगवान आभाजी पालव, म्हणजे आपले भगवानदादा. दोघेही मराठी, दोघेही धडपडणारे. भाषा परकी असली तरी मैत्री जमली. १९४२ मध्ये भगवान यांच्या 'सुखी जीवन' या हिंदी चित्रपटाने रामचंद्रांचे नाव संगीतकार म्हणून पुढे आले.

या काळात ते वेगवेगळ्या नावांनी काम करीत. 'सुखी जीवन'मध्ये ते राम चितळकर होते, काही मारधाडीच्या चित्रपटांत अण्णासाहेब, तर एका चित्रपटात चक्क श्यामू. गायक म्हणून त्यांचे नाव केवळ चितळकर असे छापले जाई. सी. रामचंद्रांची गाणी आवडीने ऐकणाऱ्या कित्येकांना त्या गाण्यांतला चितळकर हा गायक आणि संगीतकार ही एकच व्यक्ती आहे, याचा पत्ताही नसे.

१९४७ साली फिल्मिस्तानचा 'शहनाई' हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्यातील एका गाण्याने साऱ्या देशाला ताल धरायला लावला. दर रविवारी प्रेयसीला भेटीचे आमंत्रण देणारे ते खट्याळ गाणे पी. एल. संतोषी यांनी लिहिले होते. ते गाणाऱ्यांत चितळकर स्वतः होतेच. गिटार, सॅक्सोफोन, हार्मोनिका ही वाद्ये त्यात होती. अमेरिकेत बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदाने लोकप्रिय केलेल्या स्विंग नावाच्या नृत्यसंगीताचा रामचंद्रांवर प्रभाव होता. ते उसळते, पावलांना नाचवणारे संगीत त्यांनी हिंदी शब्दांत आणले. जाणकारांनी नाके मुरडली. रागदारी शिकलेल्या माणसाने असले उथळ गाणे करावे, ही त्यांची तक्रार होती. श्रोत्यांनी ती मनावर घेतली नाही.

एका संगीतकाराचे नाव असलेल्या त्या गाण्यामागे खरे पाहता अनेकांचे हात होते. रामचंद्र पेटीवर चाल बांधीत, पण त्यांच्या डोक्यातील पाश्चात्त्य सुरांचा मेळ वीस-पंचवीस वादकांकडून एकाच वेळी वाजवून घ्यायचा तर तो कागदावर उतरवावा लागे. आपल्याकडील वादक कानाने ऐकून वाजवीत. लिहिलेले स्वर वाचून वाजवण्याची सवय त्यांना नव्हती. ही विद्या गोव्याच्या वादकांकडे होती. गोव्यातील चर्चच्या शाळांमध्ये मुलांना लहानपणापासून पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवले जाई. त्या शाळांतून निघालेली मंडळी मुंबईच्या हॉटेलांत रात्री जॅझ वाजवीत आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला येत. चिक चॉकलेट या टोपणनावाने प्रसिद्ध असलेले ट्रंपेटवादक आंतोनियो शाव्हियेर वाझ हे रामचंद्रांचे असेच एक सहकारी. ध्वनिमुद्रणाची सोयही त्या काळी बेताची होती. आज तुकड्या-तुकड्यांनी गाणे रेकॉर्ड करून नंतर जोडता येते. तेव्हा गायक, समूहस्वर आणि सारे वादक एकत्र उभे राहून गाणे सलग म्हणत. शेवटच्या ओळीत एखाद्या व्हायोलिनचा स्वर चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे.

१९४९ च्या 'पतंगा' चित्रपटात नवरा रंगूनहून टेलिफोन करतो आणि बायको देहरादूनहून त्याला उत्तर देते, असे एक मजेदार गाणे होते. शमशाद बेगम यांच्या खड्या आवाजापुढे चितळकरांचा नाटकी आवाज त्यात शोभून दिसला. गीतकार होते राजेंद्र कृष्ण. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रह्मदेशातून लाखो भारतीयांना हाल सोशीत परतावे लागले होते. त्या रंगून शहराचे नाव आता हसण्याच्या प्रसंगात ऐकू येत होते. पुढच्याच वर्षी 'समाधी' आला. त्यातील एका अतिशय गाजलेल्या द्वंद्वगीताची चाल लॅटिन अमेरिकन धाटणीच्या एका गाण्यावरून घेतलेली होती. रामचंद्रांच्या काही चाली अशा परदेशी गाण्यांवर बेतलेल्या आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु उसन्या चालीवर कोणाचेच नाव तीस वर्षे टिकत नाही, हेही तितकेच खरे.

१९५१ साली भगवानदादांचा 'अलबेला' आला. भगवान तोवर स्वस्तात तयार होणारे मारामारीचे चित्रपट काढीत असत. नाटकात काम करण्याची स्वप्ने पाहणाऱ्या एका गरीब तरुणाची ही कथा त्यांनी स्वतःला नायक ठेवून आणि गीता बालीला नायिका घेऊन केली. स्थूल बांध्याचा, तुरुतुरु चालीचा हा नायक पाहून कोणी पैज लावली नसती. पण गाण्यांनी चमत्कार केला. चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह या चित्रपटात पडद्यावरही दिसतात. भगवानदादांचे ते संथ, खांदे उडवीत केलेले नृत्य पाहण्यासाठी आणि गाणी ऐकण्यासाठी लोक पुन्हा पुन्हा चित्रपटगृहात गेले. या साऱ्या धामधुमीच्या गाण्यांत एक अंगाईगीतही आहे. लता मंगेशकर यांनी गायलेले हे गीत इतके हळुवार आहे की तेच कान, तोच हात आणि तोच चित्रपट यावर विश्वास बसू नये. रामचंद्रांच्या संगीताचे मर्म कळण्यासाठी 'अलबेला'तील एखादे नाचाचे गाणे आणि हे अंगाईगीत लागोपाठ ऐकावे.

त्याच सुमारास चित्रपटसंगीतापुढे एक वेगळेच संकट उभे राहिले. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. केसकरही मराठीच आणि शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे मत होते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. त्यांच्या जागी कवींची गीते घेऊन साध्या चालींचे निर्दोष संगीत आकाशवाणीने स्वतः तयार करावे, यासाठी स्वतंत्र विभाग निघाले. सुगम संगीत हा शब्द घरोघरी रुळला तो आकाशवाणीमुळे. सुगम म्हणजे सहज कळणारे, चटकन गुणगुणता येणारे. गंमत अशी की, ज्या संगीतकाराच्या चाली त्या काळी सर्वांत सहज गुणगुणल्या जात, त्याच्यासाठीच आकाशवाणीची दारे बंद होती. रामचंद्रांचे आवडते वाद्य हार्मोनियम. तेही १९४० पासून आकाशवाणीवर निषिद्ध होते. श्रोत्यांनी मात्र वाट शोधली. डिसेंबर १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सायानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि जबलपूर, रायपूर, नागपूर, सोलापूर, जेथे जेथे रेडिओ होता तेथे तेथे लोक बुधवारी रात्री कोलंबोचे स्टेशन लावू लागले. अखेर सरकारलाही नमते घ्यावे लागले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीचीच विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटगीते सन्मानाने घरी परतली.

रामचंद्र उथळ संगीत देतात या आक्षेपाला त्यांनी शब्दांनी उत्तर दिले नाही. १९५३ चा 'अनारकली' हे त्यांचे उत्तर होते. हा चित्रपट प्रथम वसंत प्रकाश या संगीतकाराकडे होता. त्यांचे एक गीत चित्रपटात राहिले. बाकीची जबाबदारी रामचंद्रांकडे आली. मोगल दरबारातील शोकांतिका, बीना राय आणि प्रदीपकुमार ही जोडी, आणि नायिकेच्या तोंडी लता मंगेशकर यांचा आवाज. रामचंद्रांनी सॅक्सोफोन बाजूला ठेवला. भीमपलासी आणि बागेश्री या रागांचा आधार घेऊन त्यांनी अशा चाली बांधल्या की विनायकबुवांच्या वर्गातील शिस्त आणि पेटीवरची सहजता त्यांत एकत्र आली. त्या वर्षी सर्वाधिक चाललेल्या चित्रपटांत 'अनारकली' अग्रभागी होता, आणि त्याचे मोठे श्रेय गाण्यांना होते. सात वर्षांनी याच कथेवर 'मुघल-ए-आझम' हा भव्य चित्रपट आला, तरीही 'अनारकली'ची गाणी मागे पडली नाहीत.

झपाट्याने काम करणे हा त्यांचा आणखी एक विशेष. दक्षिणेतील निर्माते-दिग्दर्शक श्रीरामुलू नायडू यांना १९५५ च्या 'आझाद' या चित्रपटाची सर्व गाणी अतिशय थोड्या दिवसांत हवी होती. नौशाद यांनी इतक्या घाईत काम करणे नाकारले, असे सांगितले जाते. रामचंद्रांनी ते स्वीकारले आणि महिन्याभराच्या आत गाणी तयार केली. त्यांतील एक द्वंद्वगीत तलत महमूद यांनी गावे असे ठरले होते. तो योग जुळला नाही, तेव्हा चितळकर स्वतः ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले आणि तलत यांच्या हळव्या शैलीत असे गायले की आजही पुष्कळ श्रोते फसतात. याच चित्रपटात बागेश्रीवर आधारलेले एक गीत आहे. घाईत केलेल्या कामाची कोणतीही खूण त्यावर दिसत नाही.

१९५७ च्या 'आशा' चित्रपटातील, किशोरकुमार आणि आशा भोसले यांनी वेगवेगळे गायलेले 'ईना मीना डीका' हे गाणे बहुतेकांना ठाऊक आहे. त्याच्या जन्माची हकिकतही मौजेची सांगतात. बाहेर मुले खेळताना इंग्रजी बडबडगीत म्हणत होती. ते शब्द रामचंद्रांच्या कानावर पडले आणि त्यांचे गोव्याचे सहायक जॉन गोम्स यांनी त्यांत आपल्या कोकणीतील नकाराचे शब्द मिसळले. अर्थ काढू पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही; गाणारा मात्र थांबत नाही. दोन वर्षांनी व्ही. शांताराम यांच्या 'नवरंग'साठी त्यांनी ढोलक आणि घुंगरांचे होळीगीत केले. उत्तर भारतात आणि छत्तीसगडातही होळीच्या दिवशी ते आजही हमखास वाजते.

यशाच्या या काळात त्यांनी काही चुकाही केल्या. १९५३ मध्ये त्यांनी न्यू साई प्रॉडक्शन्स ही स्वतःची चित्रपटसंस्था काढली. 'झांझर', 'लहरें' आणि 'दुनिया गोल है' असे तीन चित्रपट तिने दिले. त्यांतला एकही यशस्वी ठरला नाही. पन्नाशीचे दशक संपता संपता लता मंगेशकर आणि रामचंद्र यांचे एकत्र काम थांबले. ज्या आवाजासाठी त्यांनी आपल्या सर्वोत्तम चाली बांधल्या, तो आवाज दुरावला. आशा भोसले यांच्याकडून त्यांनी उत्तम गाणी गाऊन घेतली. तरीही चित्रपट कमी होत गेले. शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर यांची नवी लाट आली होती आणि जो ठेका रामचंद्रांनी रुळवला त्यावर आता इतरांचे घर उभे राहत होते.

अशा वेळी १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये चीनने सीमेवर आक्रमण केले. महिन्याभराच्या युद्धात भारताला पराभव पत्करावा लागला. शेकडो जवान बर्फात मृत्युमुखी पडले. देश सुन्न झाला होता. सैनिकांच्या मदतनिधीसाठी दिल्लीत मोठा कार्यक्रम ठरला आणि कवी प्रदीप यांनी त्यासाठी एक गीत लिहिले. प्रदीप यांचे मूळ नावही रामचंद्रच. बडनगरचे रामचंद्र द्विवेदी. 'ऐ मेरे वतन के लोगों' या गीताला चाल लावण्याचे काम सी. रामचंद्रांकडे आले आणि ते लताबाईंनी गावे असे ठरले. बंद पडलेले दार या एका गाण्यापुरते उघडले. तालमीला वेळ फारच थोडा मिळाला. रामचंद्र आधी दिल्लीला गेले आणि लताबाईंनी चाल ध्वनिफितीवरून ऐकून बसवली, असे सांगतात.

पराभवानंतरच्या गीताला चाल कशी लावावी? जोशपूर्ण रणगीत केले असते तर ते खोटे वाटले असते. केवळ विलाप केला असता तर लोक खचले असते. रामचंद्रांनी सुरुवात संथ ठेवली. आरंभी एकटा आवाज समोर बसलेल्यांशी बोलल्यासारखा हळू गातो. वाद्ये मागे राहतात. गाणे पुढे सरकते तसा सूर चढत जातो आणि शेवटी समूहस्वर येऊन मिळतो. ज्यांना रामचंद्र म्हणजे केवळ नाचाची गाणी असे वाटे, त्यांना हा संयम अनपेक्षित होता. २७ जानेवारी १९६३ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन आणि पंतप्रधान नेहरू यांच्या उपस्थितीत हे गीत प्रथम गायले गेले. नेहरूंचे डोळे पाणावले, ही आठवण सर्वत्र सांगितली जाते. हे चित्रपटगीत नव्हते. त्याला नट-नटी नव्हत्या, पडदा नव्हता. रेडिओवरून ते घरोघरी पोचले. रायपूरचे आकाशवाणी केंद्र याच १९६३ साली सुरू झाले. तेव्हापासून दर प्रजासत्ताकदिनी आणि स्वातंत्र्यदिनी शाळांच्या पटांगणांवर हे गीत लागते. ऐकणाऱ्या मुलांना कवीचे नाव कधी सांगितले जाते, गायिकेचा आवाज ती ओळखतात. संगीतकाराचे नाव मात्र क्वचितच कानी पडते.

इतक्या मोठ्या गौरवानंतरही चित्रपटसृष्टीने त्यांना पूर्वीसारखे बोलावले नाही. रामचंद्र मराठीकडे वळले. 'धनंजय' (१९६६) आणि 'घरकुल' (१९७०) हे दोन मराठी चित्रपट त्यांनी काढले, त्यांना संगीत दिले आणि त्यांत कामेही केली. पस्तीस वर्षांपूर्वी 'नागानंद'ने मोडलेली अभिनयाची हौस अशी भागली. 'घरकुल'मध्ये अमरावतीचे कवी सुरेश भट यांच्या 'मलमली तारुण्य माझे' या गीताला त्यांनी दिलेली चाल मराठी भावसंगीतात कायमची जाऊन बसली. ग. दि. माडगूळकर यांच्या 'गीतगोपाल' या कृष्णगीतांच्या मालिकेलाही त्यांनी चाली दिल्या. सुधीर फडके यांच्या 'गीतरामायणा'ची सावली तिच्यावर पडणे अटळ होते, आणि ती पडलीच. 'गीतगोपाल' त्या मानाने मागे राहिले. ऐकले तर मात्र त्यातील काही चाली मनात घर करतात.

१९७७ मध्ये 'माझ्या जीवनाची सरगम' हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. आपल्या चुका, रुसवे आणि मैत्री यांविषयी त्यांनी त्यात बरेच मोकळेपणाने लिहिले. काही मंडळी त्यामुळे दुखावली. उतारवयात ते आपल्या गाण्यांचे जाहीर कार्यक्रम करीत. पेटी पुढे ओढून हा वयस्क माणूस स्वतःच गाऊ लागला, म्हणजे पडद्यावर अनेक नटांच्या तोंडून ऐकलेला चितळकर हाच, हे कित्येकांना तेव्हा प्रथम उमगे.

सुमारे शंभर चित्रपटांना संगीत देऊन ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत त्यांनी देह ठेवला. वयाची चौसष्ट वर्षे पूर्ण व्हायला तेव्हा सात दिवस उरले होते.